सरळ गोळी

१८ एप्रिल

हललं नाही! श्वासाची नळी आत गेली आणि बीपी जागचं हललं नाही!

म्हणजे पाचने चढलं. पण त्याला काय चढणं म्हणायचं? माणूस जिना चढला तरी याहून जास्त होतं. पेशंट टॅक्सी चालवणारा, मान बैलासारखी, घरी असतानाच बीपी एकशे ऐंशी. तरीही मी मॉनिटरकडे बघत उभी राहिले आणि तो बिचारा मुकाट झोपून राहिला. मला टाळी द्यावीशी वाटली, पण हातात मोजे होते.

शार्शेनआली सर नेहमीप्रमाणे दारात उभे राहून हात वाळवत होते. हे आमचे सर्जन. हात सोन्याचे, जीभ मिरचीची. मी भुलीचं औषध हळूहळू सोडून तीन मिनिटं थांबते, ते त्यांना सोसत नाही. आज म्हणाले, 'डॉक्टरीणबाई, वऱ्हाड यायचंय का अजून?' मी म्हटलं, येतंय, बसा.

ते काय समजतात, झोपवलं की झालं? माणूस झोपतो, पण घसा झोपत नाही. जिभेच्या मुळाशी नळी घालायचं पातं टेकलं की आतलं शरीर दचकतं, हृदय उधळतं, बीपी उडी मारतं. निरोगी माणूस ती उडी झेलतो. गेल्या हिवाळ्यात याच टेबलावर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना झेलता आली नाही. नळी गेली, बीपी दोनशे चाळीस, मेंदूत रक्तस्राव. बाई जगल्या, पण बोलल्या नाहीत परत. भूल देणारा तो गडी पुढे रशियाला निघून गेला. तेव्हापासून इथे भूल द्यायला मी एकटीच.

म्हणून मी थांबते. आधी घरातल्यांना हळू आवाजात सांगायचं, पाहुणा येतोय, घाबरू नका. मगच दार उघडायचं. एवढंच तर आहे माझं शास्त्र!

शुद्धीवर आणताना नेहमीसारखी नावाने हाक मारली. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, टॅक्सी कुणी हलवली तर नाही ना.

१९ एप्रिल

आजही नाही हललं. सरांनी वऱ्हाडाचं विचारलं नाही. जिंकतेय मी.

२३ एप्रिल

सासूबाई आल्या गावाहून. नवरा, आदिल, जाऊन घेऊन आला. सोबत पोतंभर तळलेले बोरसोक आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे, जसं काही आम्ही इथे उपाशीच मरतोय.

पण मी आधी त्यांचा गळाच बघितला. गलगंड आमच्या डोंगरात घरोघरी आहे, आपांचा, म्हणजे सासूबाईंचाही वीस वर्षांपासून आहे. रुमालाखाली झाकलेला असतो, कुणी बघत नाही. या हिवाळ्यात तो खाली उतरलाय. उताणं झोपलं की श्वास शिट्टीसारखा वाजतो. उशा रचून बसल्या बसल्या झोपतात. आदिलला म्हणाल्या, म्हातारपणी झोप कमीच लागते. मी जवळ गेले. कान लावून ऐकला श्वास. श्वासनलिका दाबली जातेय.

जूनमध्ये त्यांना जायलोवर जायचंय, कुरणांवर, घोड्या घेऊन. दरवर्षी जातात. घोड्यांना हाक मारणारा असा आवाज खोऱ्यात दुसरा नाही, अशी त्यांची ख्याती आहे, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा हात मोठा आहे.

ऑपरेशन करावंच लागेल. नळी मलाच घालावी लागेल. त्या वाकड्या झालेल्या श्वासनलिकेत, आणि बीपी मुळातच चढं!

२४ एप्रिल

आदिल घाबरलाय. म्हणतो, राजधानीला नेऊ. मी म्हटलं, वाटेतली खिंड बघ, गाडीत सात तास बसायचं, त्यात श्वास अडकला तर मी काय करू, रस्त्यात? मग म्हणाला, 'तू केलंस आणि काही झालं, तर मी दोघींनाही गमावेन.'

मी चहा ओतला.

आपा बाहेरून ओरडल्या, 'सरळ, चाकाखाली दगड लाव!' आदिल उठून गेला. बेचाळीस वर्षांचा हा माणूस आईच्या तोंडी कायम 'सरळ'. आदिल हे त्याच्या आजोबांचं नाव, म्हणजे आपांच्या सासऱ्यांचं. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही. तो मेला तरी नाही, पोराला तेच नाव ठेवलं तरी नाही. आदिल म्हणजे न्यायी, सरळ. म्हणून सरळ. कुणाच्या नावात नदी असेल तर नदीलाही असंच, वाट असेल तर वाटेलाही असंच. आमच्याकडच्या सुना अर्धी भाषा वळसा घालूनच बोलतात.

हसू कशाला? मी तरी आपांचं नाव कधी घेतलंय? लग्नाला सतरा वर्षं झाली. या वहीतसुद्धा लिहायला हात होत नाही. आपा म्हणजे आपा.

२५ एप्रिल

दवाखान्यात दाखल केलं. जिपार सिस्टरने सगळं विचारून लिहून घेतलं. जिपार राजधानीत वाढलेली, बोलते आमची भाषा, पण पुस्तकातली. आपांना विचारलं, बीपीची गोळी घेता का? तिने टिपलंय: विशेष काही नाही, साधी गोळी.

मी स्वतःही विचारलं. आपा म्हणाल्या, 'घेते की. सरळ.' मी म्हटलं, सरळ म्हणजे पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही ना? त्या म्हणाल्या, पाण्याबरोबरच. मग कपाळाला आठी घालून खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, माझ्या प्रश्नांना कंटाळल्या. असेल काहीतरी बाजारातलं जीवनसत्त्व.

२६ एप्रिल

बीपी एकशे तीस! मी काहीही न देता! गेल्या वर्षी याच बाई दोनशेच्या घरात होत्या. मीठ कमी करा म्हणून डोकं फोडत होते, ऐकलं वाटतं शेवटी. सरांना मुद्दाम आकडा दाखवला. म्हणाले, 'सुनेच्या धाकाने उतरलं असेल.' बोला, बोला. परवा बघाल.

२७ एप्रिल

हे काय झालं?

मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी क्लोफेलिनची एक गोळी देऊन बघते. ती उधळणाऱ्या हृदयाचा लगाम ओढते. कुणाला किती मानवते ते आधीच कळलेलं बरं. दुपारी आपांना दिली. तासाभराने त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला चहा करून द्यायला उठल्या (त्यांना कोण थांबवणार!) आणि धाडकन खाली.

बीपी सत्तर. नाडी चाळीस, तीही शोधावी लागत होती. ओठ पांढरे. पाय वर केले, सलाईन धो धो सोडलं, नाडी वाढवायला ॲट्रोपिन दिलं. सावकाश वर आलं बीपी. आपांनी डोळे उघडले तर पहिलं वाक्य, 'किटली उतरवली का कुणी?'

एका गोळीने माणूस इतका कोसळत नाही. मी हीच गोळी किती जणांना दिलीये. हे टेबलावर झालं असतं तर? झोपेच्या औषधाबरोबर?

ऑपरेशन रद्द.

२८ एप्रिल

सर म्हणाले ते सगळं लिहीत नाही. थोडक्यात असं की तुमचं ते लाडीगोडीचं शास्त्र आता पुरे, यापुढे झोपवायचं आणि नळी घालायची, सगळं जग करतं तसं. वर म्हणाले, सासूच्या बाबतीत पाय लटपटतात तर सांगा तसं, दुसरा कुणी बघू.

दुसरा कुणी नाहीच आहे! त्यांनाही माहीत आहे.

आदिलने राजधानीतल्या दवाखान्याला फोन लावलाय. जागा जूनच्या शेवटी. माझ्याकडे बघत नाही. मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, भांडी घासताना. आपांचा श्वास आणखी वाजतोय. जूनचा शेवट त्या गाठतील असं मला वाटत नाही, आणि हे मी आदिलला सांगू शकत नाही.

२९ एप्रिल

मी गाढव आहे! पण शहाणी गाढव!

सकाळी आपांचं बीपी बघत होते. त्या म्हणाल्या, 'सरळ आला की सांग, घरून माझी सरळ आणायला. संपली.'

मी मान हलवली, पट्टा सोडला, दोन खाटा पुढे गेले. आणि पाय तिथेच थांबले. सरळ आला की सरळ आणायला. एकच शब्द! एक माझा नवरा, आणि दुसरी...

परत फिरले. खाटेवर बसले. म्हटलं, आपा, त्या गोळीचं नाव तुमच्या सासऱ्यांच्या नावासारखं आहे का? आपांचे कान लाल झाले. 'आहे थोडंसं,' म्हणाल्या. 'म्हणून तर सांगत होते ना केव्हाची. सरळ, सरळ. तुम्ही शिकलेल्या पोरी, तुम्हाला कळेना.'

आदेलफान!

बीपीची पूर्वीची गोळी. आता सहसा कुणी लिहून देत नाही, पण बाजारात म्हाताऱ्या एकमेकींना वाटतात. शरीर दचकल्यावर बीपी वर नेणारा जो साठा असतो ना, तोच ती हळूहळू रिकामा करून टाकते. त्यावर माझी क्लोफेलिन! दमलेल्या घोड्याचा लगाम ओढत होते मी.

मी नाव मोठ्याने उच्चारलं तर आपांनी रुमालाचं टोक कानावर घेतलं. 'झालं, बोललीस ना तू, आता मला नको बोलायला लावू.' कधीपासून घेता, म्हटलं. वर्ष होत आलं! सकाळ-संध्याकाळ. शेजारणीने दिली, फार गुणाची. आणि एवढ्या दिवसांत कुणाला सांगितलं नाही? तर म्हणे, सगळ्यांना सांगितलं.

खरंच सांगितलं होतं. जिपारच्या कागदावर साधी, माझ्या डोक्यात पाण्याबरोबर. सतरा वर्षं त्या घरात 'सरळ' ऐकतेय आणि माझ्याच कानाला कळलं नाही. आपांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसले. त्यांना कळेना, हिला झालं काय.

३० एप्रिल

सरांच्या खोलीत गेले. दार न वाजवता. सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'माझ्या आईने माझ्या चुलत्याच्या नावापायी आयुष्यभर लोखंडाला कठीण म्हटलं.' तेमीर, म्हणजे लोखंड, नावाचे चुलते असणार. विचारलं नाही.

ठरलं ते असं. आदेलफान आज बंद. त्याऐवजी दुसरी, सौम्य. आदेलफानचा अंमल उतरायला दोन आठवडे द्यायचे. क्लोफेलिन द्यायचीच नाही. घसा फवाऱ्याने बधिर करायचा, बाकीचं औषध थेंबाथेंबाने. आणि थांबायचं, मी सांगेन तितकं. सर म्हणाले, 'थांबू. पण एवढी एकच संधी, तुर्सुनाय.' नावाने बोलले! डॉक्टरीणबाई नाही.

आदिलने राजधानीची जागा सोडलेली नाही. म्हणतो, राहू दे तोवर. ठीक आहे. भीती त्याची आहे, मी कशी काढून घेऊ?

७ मे

बीपी चढतंय. एकशे पासष्ट. चढू दे! आता हे आपांचं खरं बीपी आहे, कुणाच्या आड लपलेलं नाही. खऱ्याशी मला लढता येतं.

१३ मे

उद्या.

जिपारने आज विचारलं, 'शुद्धीवर आणताना तुम्ही सगळ्यांना नावाने हाक मारता. सासूबाईंना काय म्हणून मारणार?' मी म्हटलं, आपा म्हणेन. ती म्हणाली, वॉर्डातल्या निम्म्या बायकांना आपण आपा म्हणतो, त्यांना कसं कळेल कुणाला बोलावताय?

खरंय. खोल गुंगीतल्या माणसाला 'आई' नाही ऐकू येत, 'बाई' नाही ऐकू येत. स्वतःचं नाव ऐकू येतं. हे मी शंभर वेळा बघितलंय.

आपांना हे सांगितलं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, उशांना टेकून. म्हणाल्या, घोड्यांना काय, माझा आवाज गेला तर दुसऱ्याचा ओळखतील. त्यांना कुणीतरी सांगितलंय की गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज जातो. जाऊ शकतो, खोटं का बोलू? मी त्यांचे पाय चेपत बसले. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, 'तू असशील ना तिथे?' असेन, म्हटलं.

१४ मे

लिहिते. आजचं सगळं लिहिणारच!

सकाळीच आदिलची आत्या हजर, शालीखाली नान घेऊन. लांब जाणाऱ्याने भाकरी तोंडाला लावून जायचं म्हणजे परत येऊन उरलेली खातो. मी आडवी आले. उपाशी पोटी जायचंय, एक घासही नाही! आत्या भडकली, अपशकुन करतेस म्हणाली. आपांनीच सोडवलं. नान कपाळाला लावला, आदिलच्या हातात दिला आणि म्हणाल्या, 'सरळ, माझ्या वतीने तू चाव.' त्याने चावला. डोळे भरलेले, तोंड भरलेलं, बघवत नव्हतं.

आत टेबलावर उताणं झोपवलं तर श्वास शिट्टी मारायला लागला. उशी वाढवली. घसा फवाऱ्याने बधिर केला, आपांनी तोंड वाकडं केलं. औषध सोडलं, सावकाश, सावकाश. आपांचा हात माझ्या हातात होता, तो सैल पडला. आणि मी थांबले. सर दारात उभे, हात वर धरून. थिएटरमध्ये फक्त मॉनिटरची टिकटिक. मला ती मुख्याध्यापिकाबाई आठवत होती. नको म्हटलं तरी आठवत होती.

पातं आत. नलिका डावीकडे ढकललेली, फट दिसते न दिसते. बारीक नळी मागितली. पहिल्यांदा अडखळली. बाहेर नाही काढली, जरा फिरवली. गेली!

जिपारने आकडा मोठ्याने वाचला. आधी एकशे पन्नास होता. नळी गेल्यावर एकशे बावन्न.

बावन्न!! माझ्या सासूबाईंनी माझी लाज राखली! त्या बैलमानेच्या टॅक्सीवाल्याला मागे टाकलं! सर पुढे आले, माझ्या शेजारून जाताना पुटपुटले, 'आलं बरं का वऱ्हाड.' आणि कामाला लागले. गाठ निघाली ती पोराच्या मुठीएवढी, छातीत शिरलेली. शेवटपर्यंत बीपी आमच्या मुठीत.

मग उठवायची वेळ. 'आपा,' म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं, गालावर थोपटलं. काही नाही. जिपार माझ्याकडे बघतेय, सर माझ्याकडे बघतायत. सतरा वर्षं ते नाव मी घेतलेलं नव्हतं.

वाकले आणि कानात म्हटलं, 'ऊलकान! डोळे उघडा, ऊलकान!'

उघडले. लगेच. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मी नळी काढली, श्वास मोकळा, शिट्टी नाही, काही नाही. आवाज मात्र निघाला नाही. काही बोलता का, विचारलं, तर ओठ मिटून घेतले. सरांचा चेहरा उतरला. स्वतः स्ट्रेचरबरोबर चालत बाहेर आले.

दाराबाहेर आदिल उभा होता, तो अर्धा नान छातीशी धरून. आपांनी त्याच्याकडे बघितलं. आणि घोगऱ्या, पण स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

'आदिल.'

सर टाळी वाजवून म्हणाले, आहे, आवाज आहे! त्यांना तेवढंच कळलं. आदिल भिंतीला टेकून खाली बसला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आईच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं त्याने. लहान पोरासारखा हुंदके देत होता. मीही तिथेच, टोपीसकट.

१५ मे

सगळा दवाखाना हसतोय. म्हातारी गुंगीत सासऱ्याचं नाव घेऊन बसली म्हणे! आत्याने तर क्षमा मागायला मेणबत्ती लावली. मी सगळ्यांना समजावतेय की औषधाने जीभ सैल सुटते, त्यांचा दोष नाही. कागदावरही तसंच लिहिलंय.

आपा सगळं ऐकतात. पातळ रवा खातात, त्या नानाचा तुकडा दुधात भिजवून खाल्ला. आदिलला पुन्हा 'सरळ' म्हणतात. तो बिचारा दर हाकेला थोडा थांबून बघतो.

आज सरांनी नवीन नियम लावला, थिएटरच्या दारावर, स्वतःच्या हाताने: नळीआधी भूलतज्ज्ञ सांगेल तितका वेळ थांबणे. खाली कुणीतरी वऱ्हाडाचं चित्र काढलंय. काढू दे!

१९ मे

आपांना घरी आणलं. केस विंचरत होते, तर अचानक म्हणाल्या, 'गुंगी कसली गं? तू नावाने बोलावलंस तेव्हाच पूर्ण जागी झाले होते मी. म्हटलं, सुनेची जीभ झडली नाही, तर माझी तरी कशाला झडेल. आणि परत आले नसते तर पोराने माझ्या तोंडून कधी ऐकलं असतं?' मग म्हणाल्या, 'पण सरळला सांगू नकोस.'